वर्गणीच्या खात्यांत राहिलेलें कार्ड

मासिकाच्या वर्गणीचा जुना व्यवहार ज्यांच्या पाहण्यांत आहे, त्यांना 'व्ही. पी.' हीं दोन अक्षरें समजावून सांगावयास नकोत. हिंदुस्थानांतील टपालखात्यानें ही पद्धति १८७७ सालीं सुरू केली आणि पुढें कित्येक दशकें मराठी मासिकांचा संसार तिच्या आधारावर चालला. वर्ष संपत आलें म्हणजे अंकांत एक सूचना छापून येई: वर्गणी संपली आहे, पुढील सालाची पाठवावी, न आल्यास पुढचा अंक व्ही. पी. नें रवाना होईल. ज्यांना तो नको असेल त्यांनीं एक कार्ड टाकून आगाऊ कळवावें. बहुतेक वर्गणीदार कार्ड टाकीत नसत. मग पोस्टमन अंक घेऊन दारांत उभा राही, आणि घरधनी एक तर पैसे मोजी, नाहीं तर 'परत न्या' म्हणून सांगे. परत गेलेल्या अंकाचा टपालखर्च प्रकाशकाच्या माथीं बसे. संपादकांना त्याचा राग येई. परंतु दारांतला तो एक क्षण कोणालाहि चुकवितां येत नसे. वर्गणीदाराचा हात स्वतःच्या खिशाकडे गेल्यावांचून पैसा बाहेर पडत नसे.

आज वर्गणीचा पसारा फार वाढला आहे. चित्रपट, गाणीं, वर्तमानपत्रें, छायाचित्रें सांठविण्याची जागा, मुलांचा अभ्यास, व्यायामाचे धडे, सर्व कांहीं महिन्याच्या हप्त्यानें मिळतें. 'कार्ड' ह्या शब्दाचा अर्थहि पालटला. पूर्वीं कार्ड टाकून वर्गणी नाकारावयाची असे. आतां कार्ड देऊन ती स्वीकारावयाची असते, आणि एकदां दिल्यावर दारांत कोणी येत नाहीं. व्ही. पी. च्या काळीं गप्प बसणाऱ्याकडे पोस्टमन येई. आतां गप्प बसणाऱ्याच्या खात्यांतून पैसे जातात. महिना १९९ रुपयांची वर्गणी डोळ्यांत भरत नाहीं, पण तिचे वर्षाला २,३८८ रुपये होतात. आणि अशा तीन-चार वर्गण्या निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरांत विसरून राहिल्या म्हणजे त्या औषधपाण्याच्या पैशांतच वांटा मागूं लागतात.

वर्गणी नकोशी झालेल्या मनुष्याच्या मनांत पहिली गोष्ट येते ती ही कीं, खात्यांत ठेवलेलें कार्ड काढून टाकावें. कार्डच नाहीं तर पैसे घेणार कोठून, असा त्याचा सरळ हिशेब असतो. हिशेब सरळ आहे, पण पुष्कळ वेळां चुकतो. कार्ड काढूनहि पुढल्या महिन्यांत पैसे गेल्याची तक्रार ऐकूं येते. कधीं कार्ड काढतांच येत नाहीं. कधीं तें निघतें, पण पुन्हां वर्गणीची मागणी येत राहते. प्रत्येक वेळीं कोणी फसविलेलेंच असतें असें नव्हे. कार्ड काढणें, वर्गणी बंद करणें आणि बँकेस दिलेली आज्ञा मागें घेणें हीं तीन निरनिराळीं कृत्यें आहेत, आणि त्यांपैकीं एक केल्यानें दुसरें आपोआप होत नाहीं.

गांवाकडच्या एका जुन्या व्यवहारावरून हा भेद लवकर ध्यानांत येईल. एका गृहस्थानें गवळ्याकडे रोजच्या दुधाचा रतीब लावला. पेठेंतल्या वाण्याला त्यानें सांगून ठेवलें कीं, दर महिन्याच्या पहिल्या तारखेस गवळी येईल, त्याचे पैसे देत जा आणि माझ्या खात्यावर मांडीत जा. आणि गवळ्याजवळ एक चिठ्ठी दिली, तींत वाण्याचें नांव व आपली खूण लिहिली. आतां दूध नकोसें झाल्यावर त्यानें एवढेंच केलें कीं, गवळ्याजवळची चिठ्ठी मागून घेऊन फाडून टाकली. रतीब बंद झाला काय? नाहीं, गवळी उद्यां सकाळीं दूध घेऊन हजर. वाण्याला सांगितलेला शब्द परत घेतला काय? तोहि नाहीं. चिठ्ठी तेवढी गेली. वर्गणीच्या खात्यांतील कार्ड ही चिठ्ठी आहे. कंपनीशीं केलेला करार हा रतीब. आणि बँकेला दिलेली कायमची आज्ञा, जिला सर्वजण आतां 'मॅन्डेट' म्हणतात, तो वाण्याला सांगून ठेवलेला शब्द होय.

चिठ्ठींत नेमकें काय लिहिलेलें असतें, तें आधीं पाहूं लागल्यास बराच गैरसमज दूर होतो. कार्डावर बहुधा १६ आंकडे असतात. आरंभींचे ६ किंवा ८ आंकडे कार्ड कोणत्या बँकेनें दिलें तें सांगतात, मधले खातेदाराची ओळख देतात, आणि अगदीं शेवटचा आंकडा केवळ तपासणीचा असतो. मागच्या सर्व आंकड्यांवर एक ठराविक गणित केलें कीं तो आंकडा निघतो. त्यामुळें लिहितांना एखादा आंकडा चुकला तर यंत्राला तेथल्या तेथें समजतें. आय. बी. एम. कंपनींत काम करणाऱ्या हान्स पीटर लून ह्या गृहस्थानें ही युक्ति काढली व १९६० सालीं तिचें पेटंट त्याला मिळालें. कार्डाच्या पाठीवरचे तीन आंकडे मात्र व्यवहार मंजूर झाल्यानंतर कोणत्याहि दुकानदारानें जपून ठेवतां कामा नयेत, असा कार्डसंस्थांचा जगभर नियम आहे. 'ते तीन आंकडे मीं पुन्हां दिले नाहींत, तरी पैसे कसे गेले?' हा प्रश्न अनेक जण विचारतात. उत्तर असें कीं, पुढल्या हप्त्यांना ते लागतच नाहींत. पहिल्या दिवशीं दिलेली संमतिच पुढें पुरते.

भारतांत तर १ ऑक्टोबर २०२२ पासून पूर्ण कार्डक्रमांकसुद्धां दुकानदारापाशीं ठेवण्याची मनाई झाली. रिझर्व्ह बँकेनें ही मुदत पूर्वीं दोनतीनदां पुढें ढकलली होती. क्रमांकाच्या जागीं आतां 'टोकन' असतें. टोकन म्हणजे कार्डाच्या ऐवजीं काढून दिलेला एक दुसराच क्रमांक. तो त्या एका कार्डापुरता आणि त्या एका दुकानदारापुरताच चालतो. चोराच्या हातीं पडला तर दुसऱ्या दुकानांत त्याचा उपयोग नाहीं. दुकानदाराला ओळखीसाठीं कार्डाचे शेवटचे चार आंकडे आणि बँकेचें नांव एवढेंच बाळगतां येतें. म्हणून खात्याच्या पानावर चार टिंबांपुढें चार आंकडे दिसतात, ते खऱ्या कार्डाचे असतात, पण त्यांच्यामागें उभें असतें तें टोकन. कार्ड काढून टाकण्यापूर्वीं हे चार आंकडे वहींत टिपून ठेवणें शहाणपणाचें, कारण पुढें बँकेकडे विचारणा करतांना घरांतल्या तीन कार्डांपैकीं तें कोणतें होतें हें त्यांवरूनच सांगतां येतें.

आतां 'कार्ड काढून टाका' ह्या बटणाकडे वळावें. चालू वर्गणीच्या खात्यांत एकच कार्ड असेल तर कित्येक सेवा तें काढूं देतच नाहींत; आधीं दुसरें द्या, मग हें घ्या, असें उत्तर मिळतें. दुसरें कार्ड नोंदलेलें असेल तर पहिलें निमूटपणें निघतें आणि पुढला हप्ता दुसऱ्यावर पडतो. घरांतल्या मुलानें कधीं काळीं खेळण्याच्या खरेदीसाठीं नोंदलेलें आईचें कार्ड अशा वेळीं अकस्मात् उपयोगांत येतें आणि आईला त्याचा पत्ता बँकेच्या संदेशावरून लागतो. तिसरा प्रकार वार्षिक करारांचा. 'महिना अमुक रुपये' असें मोठ्या अक्षरांत दिसतें, पण बारीक अक्षरांत करार वर्षाचा असतो आणि मासिक रक्कम हा केवळ हप्ता असतो. तेथें कार्ड काढल्यानें देणें संपत नाहीं. तें थकबाकी म्हणून उभें राहतें.

आणि कार्ड सहज निघालें, दुसरें कोणतेंहि नव्हतें, करारहि महिन्याचाच होता, तरी बँकेकडची आज्ञा राहतेच. तिच्याविषयीं थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे, कारण सामान्य मनुष्याच्या हातांत खरी सत्ता येथेंच आहे आणि तिची माहिती सर्वांत थोड्यांना आहे.

इंटरनेटवर कार्डानें पैसे देतांना कार्डाच्या माहितीखेरीज आणखी एक खूण द्यावी लागेल, असा दंडक रिझर्व्ह बँकेनें २००९ सालच्या ऑगस्टपासून घातला. मोबाइलवर येणारा ओटीपी हें तिचें सर्वपरिचित रूप. दरमहाच्या वर्गणीला हा दंडक जड पडूं लागला, कारण दर हप्त्याला ओटीपी मागावयाचा तर वर्गणी आपोआप चालणार कशी? त्यावर तोड म्हणून २१ ऑगस्ट २०१९ रोजीं एक परिपत्रक निघालें व पुढें दुरुस्त होत होत १ ऑक्टोबर २०२१ पासून त्याचा अंमल कडकपणें सुरू झाला. त्याचा आशय असा: आज्ञा नोंदवितांना एकदां ओटीपी द्यावाच लागेल. त्या आज्ञेला मुदत असेल आणि रकमेची मर्यादा असेल. प्रत्येक हप्ता वसूल होण्यापूर्वीं निदान २४ तास आधीं बँकेनें खातेदाराला सूचना दिली पाहिजे, तींत दुकानदाराचें नांव, रक्कम व दिनांक असला पाहिजे. ती सूचना वाचून खातेदाराला तेवढा हप्ता नाकारतां येईल किंवा सबंध आज्ञाच मागें घेतां येईल. वसुलीनंतर पुन्हां एक सूचना. आणि आज्ञा केव्हांहि मागें घेण्याची सोय बँकेनें ऑनलाइन ठेवली पाहिजे. ह्या सबंध सोयीबद्दल खातेदाराकडून एक पैसाहि आकारतां येणार नाहीं. ठराविक मर्यादेपेक्षां मोठी रक्कम असेल तर प्रत्येक वेळीं नवा ओटीपी लागेल. ही मर्यादा आरंभीं २,००० रुपये होती, ती पुढें ५,००० आणि जून २०२२ मध्यें १५,००० झाली. विम्याचे हप्ते, म्युच्युअल फंड व क्रेडिट कार्डाचीं बिलें ह्यांच्यापुरती डिसेंबर २०२३ मध्यें एक लाखापर्यंत वाढविण्यांत आली.

दारांतून नाहींसा झालेला पोस्टमन ह्या नियमानें अर्धामुर्धा परत आला असें म्हटलें तर तें वावगें होणार नाहीं. तो आतां दार ठोठावून वाट पाहत नाहीं. उंबरठ्यावर एक कागद टाकून पुढें जातो. पण कागद तरी टाकतो. अडचण एवढीच कीं, ज्या मोबाइलवर हा कागद पडतो त्यावर दिवसाला पन्नास जाहिरातीहि पडतात. नियम अमलांत आला त्या ऑक्टोबरांत परदेशी वर्तमानपत्रांचे व अन्य सेवांचे अनेक हप्ते बँकांनीं नाकारले, कारण जुन्या वर्गण्यांना नव्या रीतीची आज्ञा नोंदलेली नव्हती. पुष्कळांची गैरसोय झाली. पण विसरलेल्या वर्गण्या त्या धक्क्यानें आपोआप गळून पडल्या, म्हणून कित्येकांना हायसेंहि वाटलें असेल.

ह्या सत्तेचा उपयोग कसा होतो, हें एका कल्पित उदाहरणानें पाहावें. नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना जुनीं नाट्यगीतें ऐकावयाची हौस. बंगळुरूस नोकरी करणाऱ्या मुलानें त्यांच्या मोबाइलवर गाण्याची एक सेवा सुरू करून दिली. कार्ड बाईंच्या निवृत्तिवेतनाच्या खात्याचें. सेवेचें खातें मात्र मुलाच्या ई-मेलवर. दोन वर्षांनीं बाईंना ऐकूं कमी येऊं लागलें आणि सेवा नको झाली. सेवेच्या खात्यांत शिरावयाचें तर परवलीचा शब्द मुलाजवळ, आणि तो कामाच्या गर्दींत 'ह्या रविवारीं करतों, आई' असें म्हणत राहिला. बाईंची अशी समजूत कीं, मुलगा केल्याशिवाय आपल्या हातीं कांहीं नाहीं. वस्तुतः बँकेकडची आज्ञा त्यांच्या नांवाची, कार्ड त्यांचें आणि ओटीपीहि त्यांच्याच मोबाइलवर येणारा. बँकेच्या ॲपमध्यें किंवा नेटबँकिंगमध्यें कार्डाच्या सदराखालीं 'ई-मॅन्डेट', 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन' किंवा 'ऑटो-पे' अशा कोणत्या तरी नांवाखालीं चालू आज्ञांची यादी असते. तींत गाण्याच्या सेवेचें नांव शोधावें, 'रद्द करा' दाबावें, आलेला ओटीपी भरावा. पुढला हप्ता बँक देणार नाहीं. त्यासाठीं मुलाची, कंपनीची किंवा परवलीच्या शब्दाची गरज नाहीं. हें जमत नसेल तर बँकेच्या शाखेंत जाऊन विचारण्यांत कमीपणा मानूं नये. तेथील मनुष्यहि तेंच पान उघडून देईल.

एका बारकाव्यानें मात्र अनेक जण दचकतात. कित्येक बँकांनीं ह्या आज्ञांची नोंदवही स्वतः न ठेवतां बिलडेस्क कंपनीच्या 'एसआय हब' नांवाच्या सामाईक केंद्रावर सोपविली आहे. बँकेच्या पानावरून बटण दाबलें कीं हें अनोळखी नांवाचें पान उघडतें व कार्डाचा क्रमांक मागतें. लबाडीच्या भीतीनें मनुष्य मागें फिरतो. आणि ती भीति अगदींच अस्थानीं नाहीं, कारण 'तुमची वर्गणी आज वसूल होणार, रद्द करण्यासाठीं येथें दाबा' असे खोटे संदेशहि फिरत असतात. ह्यावर सोपा उपाय असा कीं, संदेशांतील दुव्यावरून कधींहि जाऊं नये. बँकेचें ॲप स्वतः उघडून तेथून निघावें. त्या वाटेनें जें पान येईल तें बँकेनेंच दाखविलेलें असतें. दुसरा धक्का रकमेचा. वर्गणी १९९ रुपयांची असून आज्ञेपुढें कित्येकदां हजारोंचा आंकडा दिसतो. ती वसूल होणारी रक्कम नव्हे, कमाल मर्यादा असते. पण आज्ञा नोंदवितांना ती न वाचतां होकार दिला गेला होता, एवढें त्यावरून कळतें.

टोकनांचीहि अशीच यादी बँकेनें दाखविली पाहिजे, असें सप्टेंबर २०२१ च्या परिपत्रकांत आहे. कोणकोणत्या दुकानदारांकडे हें कार्ड टोकनरूपानें नोंदलेलें आहे, तें तेथें पाहतां येतें व तेथूनच तें पुसतां येतें. म्हणजे ज्या सेवेचें नांवगांवहि आतां आठवत नाहीं, तिच्याजवळची चिठ्ठीसुद्धां दूर बसून फाडतां येते. ही यादी वर्षांतून एकदां तरी उघडून पाहावी; पाहणाऱ्याला तींत दोन-तीन तरी अनोळखी नांवें आढळल्यावांचून राहत नाहींत, आणि थोडें आठवल्यावर तीं आपणच दिल्याचें ध्यानांत येतें.

तीन कृत्यांचा क्रमहि निष्काळजीपणें ठेवण्यासारखा नाहीं. आधीं रतीब बंद करावा, म्हणजे सेवेच्या खात्यांत जाऊन वर्गणी रद्द करावी आणि रद्द झाल्याची ई-मेल जपून ठेवावी. बहुतेक सेवा भरलेल्या महिन्याच्या अखेरपर्यंत चालूच राहतात, म्हणून रद्द करण्यासाठीं शेवटच्या तारखेची वाट पाहण्याचें कारण नाहीं. उलट तशी वाट पाहणारेच बहुधा विसरतात. त्यानंतर बँकेची आज्ञा मागें घ्यावी. कार्ड काढणें सर्वांत शेवटीं. हा क्रम उलटा केला तर कार्ड निघाल्यामुळें खातें थकबाकीदार ठरतें, पुढें आंत शिरतांच 'प्रथम पैसे भरा' हें पान येतें, आणि रद्द करण्याचें बटण त्याच्या पलीकडे राहतें. हप्त्याची आगाऊ सूचना येऊन गेली असेल तर तो एक हप्ता वसूल होऊं शकतो, हेंहि ध्यानांत असावें. शेवटल्या घटकेला केलेली धांवपळ पुढल्या महिन्यापासून फळ देते. नाशिकच्या बाईंसारखी पहिली पायरी ज्यांच्या हातांत नाहीं, त्यांनीं दुसरीपासून सुरुवात करण्यास हरकत नाहीं. पैसे न मिळाल्यावर मासिक कराराची सेवा बहुधा आपण होऊनच बंद पडते.

मोबाइलमधून ॲप काढून टाकणें हें तर ह्या तिहींपैकीं कोणतेंच कृत्य नव्हे. पुस्तक माळ्यावर टाकल्यानें ग्रंथालयाची वर्गणी थांबत नाहीं, तसाच हा प्रकार. ॲपलच्या किंवा गूगलच्या दुकानांतून घेतलेली वर्गणी असेल तर करार बहुधा त्या दुकानाच्या मार्फत झालेला असतो. मूळ सेवेच्या पानावर कितीहि शोधलें तरी रद्द करण्याचें बटण सांपडत नाहीं, कारण तें तेथें नसतेंच. दुकानाच्या 'सबस्क्रिप्शन' सदरांत जावें लागतें. यूपीआयवरून दिलेल्या आज्ञा, ज्यांची सोय जुलै २०२० मध्यें सुरू झाली, यूपीआयच्या ॲपमध्यें 'ऑटो-पे' ह्या सदरांत रद्द होतात.

अमेरिकेंत राहणाऱ्या मराठी मंडळींना ह्यांतील कांहीं गोष्टी लागू नाहींत, आणि इकडील नातेवाइकांना सल्ला देतांना किंवा त्यांच्याकडून घेतांना घोटाळा होतो तो येथें. तेथें पुढल्या हप्त्यांना ओटीपी नाहीं आणि २४ तास आधीं सूचना देण्याची बँकेवर अशी सक्ती नाहीं. शिवाय व्हिसा व मास्टरकार्ड ह्या संस्थांची एक सेवा तेथें सर्रास चालते, तिच्यामुळें जुनें कार्ड बदलून नवें आलें कीं नव्याचा क्रमांक व मुदत दुकानदारांच्या दप्तरीं परस्पर पोंचते. कार्ड हरवलें म्हणून नवें मागविलें, म्हणजे सर्व वर्गण्या आपोआप तुटल्या, असें समजणाऱ्याची त्यामुळें निराशा होते. भारतांत ह्याच्या उलट नियम आहे: कार्ड बदललें किंवा त्याचें नूतनीकरण झालें तर जुन्या दुकानदारांशीं नवें कार्ड जोडण्यापूर्वीं बँकेनें खातेदाराची स्पष्ट संमति घेतली पाहिजे. त्या वेळीं जी यादी पुढें येते तिला एकदम होकार न देतां एकेक नांव वाचून पाहावें. जुन्या वर्गण्या निवडून टाकण्याचा इतका सुलभ प्रसंग दुसरा येत नाहीं.

येथवर गैरसमजाची गोष्ट झाली. परंतु सर्वच दोष समजुतीचा नाहीं. वर्गणी घेण्यास एक बटण आणि सोडण्यास पांच पानें, ही रचना योगायोगानें होत नाहीं. अशा रचनांना हॅरी ब्रिग्नल ह्या इंग्रज आरेखकानें २०१० सालीं 'डार्क पॅटर्न' हें नांव दिलें. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें २०२३ सालीं ॲमेझॉनवर जो दावा लावला, त्यांत असें म्हटलें होतें कीं, प्राइम ही वर्गणी रद्द करण्याच्या वाटेला कंपनींत आंतल्या आंत 'इलियड' असें नांव होतें. होमरचें तें महाकाव्य चोवीस सर्गांचें आहे, एवढें सांगितलें म्हणजे नांव ठेवणाराची विनोदबुद्धि कळून येते. सप्टेंबर २०२५ मध्यें कंपनीनें आरोप मान्य न करतां अडीच अब्ज डॉलरांवर तो दावा मिटविला. वर्गणी घेणें जितकें सोपें तितकेंच सोडणेंहि असावें, असा त्याच कमिशननें ऑक्टोबर २०२४ मध्यें केलेला सर्वसाधारण नियम मात्र जुलै २०२५ मध्यें अपील न्यायालयानें, तो करतांना योग्य पद्धति पाळली नाहीं ह्या कारणावरून, रद्द केला.

भारतांत ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांत अशा १३ युक्त्यांचीं नांवें घेऊन त्यांना मनाई केली आहे. 'वर्गणीचा सांपळा' ही त्यांपैकीं एक. रद्द करण्याची वाट लपविणें, ती अशक्य किंवा लांबलचक करणें, आणि फुकट म्हणून देऊं केलेल्या सेवेसाठींहि आधींच कार्ड मागून आपोआप वसुलीची आज्ञा घेणें, हें सर्व त्या व्याख्येंत बसतें. शेवटचा प्रकार सर्वांत अधिक बोकाळलेला आहे. 'पहिला महिना मोफत' ही अक्षरें वाचून ज्यानें कार्ड दिलें, त्यानें त्याच दिवशीं रद्द करण्याची वाटहि पाहून ठेवावी. पुष्कळ सेवांत त्याच दिवशीं रद्द करूनहि मोफतचा महिना पुरा उपभोगतां येतो.

एक प्रसंग मात्र असा येतो कीं, त्या वेळीं वरील क्रम पाळावयास घरांत कोणाचें चित्तच ठिकाणावर नसतें. कर्त्या मनुष्याचा मृत्यु झाला म्हणजे त्याच्या कार्डावरच्या वर्गण्या चालूच राहतात; यंत्राला सुतक नाहीं. कुटुंबीय प्रथम त्याचा मोबाइल बंद करतात, आणि मग आगाऊ सूचना जातात त्या बंद पडलेल्या क्रमांकावर. अशा वेळीं मृताच्या खात्यांत शिरून ओटीपी भरण्याच्या भरीस पडूं नये. मृत्यूचा दाखला घेऊन बँकेकडे जावें. बँक कार्ड बंद करते व त्यावरच्या आज्ञा तेथेंच थांबतात. मोबाइलचा क्रमांक मात्र बँकेचें काम उरकेपर्यंत चालू ठेवावा, म्हणजे कोणत्या सेवांचे हप्ते येत होते हें सूचनांवरून समजतें. ज्या घरांत वडिलांनीं विम्याच्या कागदांबरोबर वर्गण्यांची एक छोटी यादी, कोणत्या कार्डावर कोणती, अशी लिहून ठेवलेली असते, त्या घरांत हें काम एका दुपारीं होतें.

सर्व कांहीं यथासांग केल्यावर पुढल्या दोन महिन्यांचें खातेउताऱ्याचें पान बारकाईनें पाहावें. सेवेचें नांव उताऱ्यावर निराळेंच असूं शकतें, म्हणून नांवापेक्षां रक्कम व तारीख ह्यांवर नजर ठेवावी. आज्ञा मागें घेऊनहि पैसे गेले असतील तर प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी, सोबत रद्द झाल्याची ई-मेल व आज्ञा मागें घेतल्याचा संदेश जोडावा. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागतां येते आणि तिला शुल्क पडत नाहीं. दोष बँकेचा नसून सेवेचा असेल, म्हणजे रद्द करण्याची वाटच तिनें ठेवली नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा दूरध्वनि क्रमांक १९१५ हा आहे. तेथें मराठींतूनहि तक्रार नोंदवितां येते.